छातीला नंबर नव्हता

९ मार्च

प्रिय वहिनी,

पोहोचले, सामान लावलं, कामावरही जायला लागले. हे कळवायला बारा दिवस लावले. बोटांचा दोष नाही, ती सध्या शहाण्यासारखी वागतायत. लिहायला बसले की काय लिहायचं ते आठवत नव्हतं, एवढंच.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर आपण दोघी गप्प बसतो आणि एकमेकींचा श्वास ऐकतो, त्यात काय मजा. शिवाय हल्ली फोन वाजला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. तूही पत्रच लिही. तुझं अक्षर दादापेक्षा बरं आहे.

ग्रंथालयात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. तसं तिथे नेहमीच हळू बोलतात म्हणा. माझ्या दुरुस्तीच्या खोलीत, म्हणजे तळघरात, पुस्तकांचा ढीग साचला होता. पाठ निसटलेले नकाशे, पानं सुटलेले शब्दकोश. मी आपली शिवते आहे. परवा खळ उकळून हातावर सांडली. कातडी लाल झालेली दिसली तेव्हा कळलं की भाजलंय. दुखलं असेल, पण माझ्यापर्यंत पोहोचलं नाही. रडू पण येत नाही गं. तुला येतं का?

ग्रंथपालबाईंना सहज बोलता बोलता आमच्या आईचे नंबर सांगितले. त्या आधी हसल्या आणि मग माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. आई कामावरून आली की आम्ही दोघं दारातच विचारायचो, “आज कोण?” आणि ती चपला काढता काढता सांगायची, “पाच आणि अकरा.” पाच म्हणजे उजवं मनगट, अकरा डावा गुडघा. सोळा सांधे, सोळा नंबर, दादाच्या वहीत यादी. पुढे त्याचे सांधे धरले, मग माझे, आणि आमच्या घरात कोणाला ‘दुखतंय’ म्हणावंच लागलं नाही. नुसता आकडा सांगायचा. तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुला वाटलं होतं आम्ही लॉटरी खेळतो.

एक विचारायचं होतं. तिथे सारखी माणसं होती म्हणून राहिलं. दादा नक्की किती वाजता गेला? मला फक्त वेळ हवी आहे.

तुझी,
धाकटी


२१ मार्च

प्रिय वन्सं,

(वन्सं म्हटलेलं तुला आवडत नाही हे माहीत आहे. तुला चिडवायचं काम तो करायचा, आता कोणीतरी करायला हवं.)

तुझं पत्र तीन दिवस टेबलावर होतं. वाचलं होतं, पण उत्तराला बसले नव्हते. मलाही रडू येत नाही. लोक येतात, माझ्या तोंडाकडे बघत बसतात, आणि मी त्यांना पाणी देते.

दुकान सुरू केलं. मालक म्हणाले, अजून आठवडाभर घरी राहा. घरी राहून काय करू? दुकानात निदान माणसं समोर बसतात. मी त्यांच्या कानामागे बोटं घालून चष्म्याची काडी नीट बसते का बघते, नाकावर टोचतं का विचारते. टोचत असलं तर ते सांगतात आणि मी पक्कडीने जरा वाकवते. दिवसातून पंधरा-वीस वेळा एखादी गोष्ट दुरुस्त होते.

त्याच्या ऑफिसातून दोघे येऊन वजनांची पेटी घेऊन गेले. दुकानांचे काटे तपासायची पितळी वजनं, सरकारी मालमत्ता. एक ग्रॅमचं वजन पेटीत नव्हतं. मी सगळी कपाटं उघडून दाखवली, त्यांनाच लाज वाटली. शेवटी त्याच्या कोटाच्या खिशात निघालं.

फ्रीजमध्ये त्याची इंजेक्शनं आहेत, सांध्यांची. चार उरलीत, दाराच्या कप्प्यात. फ्रीज उघडला की समोर दिसतात. महाग औषध आहे, क्लिनिकला परत द्यायला हवं. कालच तिथून फोन आला होता, पेशंटची तपासणीची तारीख चुकली म्हणून. मी म्हटलं, हो, चुकली.

तू वेळ विचारलीस. सकाळी दहाच्या सुमारास. मी शेजारीच होते. चहा झाला होता, पेपर वाचत होता, मान मागे टेकली आणि संपलं. काही दुखलं नाही, खुपलं नाही. डॉक्टर उशिरा आले म्हणून कागदावर वेळ पुढची आहे. तेवढं एक समाधान मान. मीही तेच मानते.

जेवण वेळेवर घे. भाजलेल्या हाताला मलम लाव.

तुझी,
वहिनी


४ एप्रिल

प्रिय वहिनी,

दहा. बरं.

दहाच ना? घड्याळ बघितलं होतंस की अंदाज? पोलिसासारखं विचारतेय असं वाटेल तुला. तसं नाही. पण सांग.

इकडे विशेष काही नाही. ग्रंथालयाची लिफ्ट बंद पडली आहे आणि माझी शिवलेली पुस्तकं तिसऱ्या मजल्यावर पोहोचवायला शिपाई मिळेलच असं नसतं. मग मीच चार-चार घेऊन चढते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक मोठी कुंडी आहे. तिथे मी झाडाची विचारपूस करत असल्यासारखी उभी राहते, पानं उलटून बघते, दम खाते. शिपाई परवा म्हणाला, “बाई, बागकामाच्या खात्यात बदली मागितलीत की काय?” म्हटलं, हो, इथे निदान कोणी वाचायला मागत नाही.

दादाने जाताना मला आठ नंबर दिलेला दिसतोय. डावा खांदा असा कधी बोलत नव्हता माझा. आता दहा-पंधरा दिवस झाले, जिना चढायला लागले की आठ बोंबलतो आणि कुंडीपाशी उभी राहिले की गप्प होतो. गुणी सांधा आहे, विश्रांती मागून घेतो. मधूनच दोनही दुखतो, म्हणजे डावा जबडा. चावायचा कंटाळा येतो. तसाही खायचा कंटाळाच आहे. संध्याकाळी शेकायची पिशवी घेऊन बसते, गोळी घेते. गोळ्या जरा जास्तच होतायत.

सांध्यांच्या डॉक्टरांकडे जूनमध्ये जायचं आहे. ते माझी बोटं दाबतात, सूज मोजतात, म्हणतात छान. छान तर छान.

तू सारखी उभी असतेस दुकानात. पाय वर घेऊन बसत जा.

तुझी,
धाकटी


१२ एप्रिल

प्रिय वन्सं,

इंजेक्शनं परत देऊन आले. बर्फाच्या पिशवीत घालून नेली, बसमध्ये मांडीवर धरून. नर्सने घेतली, रजिस्टरवर सही घेतली. ती तीच, अकरा वर्षांपासूनची, त्याला “साहेब, वजन करा” म्हणायची आणि तो म्हणायचा, “आधी तुमचा काटा तपासतो.” तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर ती खाली बसली.

मग तिने विचारलं, हृदयाच्या तपासण्या कधी केल्या होत्या? मी म्हटलं, हृदयाच्या कशाला, तो तर सांध्यांचा पेशंट. ती म्हणाली, म्हणूनच. या आजारातली सूज सांध्यांपुरती राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही लागते. या पेशंटना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, चांगला दीडपट. त्यात दुखण्याच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर त्यानेही भर पडते. रक्तदाब बघायला हवा, चरबी बघायला हवी, ईसीजीची पट्टी काढायला हवी. ती म्हणाली, आम्ही सांगतो, पण लोक बोटांचं विचारायला आलेले असतात, बाकीचं कानावर पडत नाही. पाण्याच्या मशीनशेजारी एक स्टँड आहे, त्यात याचीच माहितीपत्रकं आहेत. तिने एक काढून दिलं.

अकरा वर्षं आम्ही त्या खोलीत आपला नंबर यायची वाट बघितली. तो खुर्चीवर बसायचा नाही, उठताना गुडघे धरतात म्हणून. त्या स्टँडलाच टेकून उभा राहायचा.

पत्रक सोबत घातलं आहे. तू जूनची वाट बघू नकोस. या आठवड्यात कुठल्याही दवाखान्यात जा आणि हृदयाची पट्टी काढून घे. आणि मला एक सांग, जिना चढताना आठ का दुखेल? जिना माणूस पायांनी चढतो.

तुझी,
वहिनी


२० एप्रिल

प्रिय वहिनी,

पत्रक मिळालं. कागद चांगला जाड आहे, एका शब्दकोशाच्या पाठीत अस्तर म्हणून घालणार होते, पण तुझा मान राखून वाचलं. त्यात एका हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आहे. त्याला संधिवात असावा असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत नाही.

तू डॉक्टर कधी झालीस? चार पुस्तकं हातात असतात, म्हणून खांदा दुखतो. शिपायाला विचारलं, तो म्हणाला त्याचाही दुखतो. धाप लागते कारण मी वर्षानुवर्षं तळघरात बसून आहे आणि सांधे धरल्यापासून चालणं सोडलंय. सगळ्याचं काहीतरी कारण असतंच.

आणि दादाशी माझी तुलना कशाला? तो सिगारेट ओढायचा, चोरून, तुला माहीत नाही असं त्याला वाटायचं. आई गेली ती झोपेत, एकसष्टाव्या वर्षी, आणि सगळे म्हणाले, सुटली बिचारी दुखण्यातून. तिला काय झालं होतं हे कोणी विचारलं नाही. आता विचारून काय मिळणार आहे?

दादाचं तर तूच लिहिलंस की काही दुखलं नाही, खुपलं नाही, मान टेकली आणि संपलं. मला रोज दुखतंय. म्हणजे तुझ्याच हिशोबाने माझं वेगळं आहे. हो ना?

नसेल तर सांग. तुझ्याकडे सांगण्यासारखं काही असेल तर सांग, वहिनी. नसेल तर मी शेकायची पिशवी घेते आणि गप्प बसते.

तुझी,
धाकटी


२३ एप्रिल

धाकटे,

मी खोटं लिहिलं होतं. तुझं पत्र आज दुपारी आलं, दुकानातच वाचलं, मालकांना सांगून घरी आले आणि लगेच लिहायला बसले आहे. उद्यावर टाकलं तर पुन्हा काहीतरी बरं दिसणारं लिहीन.

त्या रविवारी तो साडेसहाला उठला आणि अंथरुणातूनच म्हणाला, “आठ.” मी मलम चोळलं. त्याच्या पाठीवर मलम चोळताना मी काय विचार करते माहीत आहे? काहीच नाही. पंचवीस वर्षं चोळलंय, हात आपोआप चालतात. चहाच्या वेळी म्हणाला, “दोनही आलाय. आठ आणि दोनची युती झाली.” मी गोळी दिली. नाश्ता नको म्हणाला. मला वाटलं जबडा दुखतोय म्हणून.

नऊ वाजता शेकायची पिशवी दिली. थोड्या वेळाने बघितलं तर त्याला घाम फुटला होता, सदरा पाठीला चिकटला होता. मी म्हटलं, पिशवी फार गरम झाली वाटतं, आणि तिच्याभोवती दुसरा टॉवेल गुंडाळला. हे मी केलं. घाम आलेल्या माणसाच्या पिशवीला टॉवेल गुंडाळला.

मग मी विचारलं, “अजून कोण?” तो म्हणाला, “मधे काहीतरी बसल्यासारखं आहे, जड. त्याला नंबर नाही.” आणि आम्ही हसलो. मी म्हटलं, सतरा देऊन टाक. छातीला नंबर नव्हता तुमच्या यादीत, म्हणून ते दुखणं नव्हतं. मी त्याच यादीत राहायला आले होते, मलाही पाठ झाली होती. परक्या घरातून कोणी आलं असतं आणि त्याला बघितलं असतं तर लगेच उचलून नेलं असतं. मला त्याचं दुखणं इतकं माहीत होतं की मी बघितलंच नाही.

दहा वाजता मी दुकानात गेले. रविवारी दुकान बंद असतं, पण एक म्हातारे मास्तर दुपारच्या गाडीने मुलाकडे जाणार होते, त्यांचा चष्मा द्यायचा होता. मी त्याला विचारलं, जाऊ का? म्हणाला, “जा गं, मी काय पळून जातोय.” मास्तर उशिरा आले. मग काडी सैल आहे म्हणाले. मी सव्वाबाराला घरी आले. तो खुर्चीत होता. पिशवी मांडीवर होती, गार झालेली. पेपर उघडलेलाच नव्हता.

म्हणजे तो किती वाजता गेला ते मला माहीत नाही. तू सारखी वेळ विचारत होतीस. मला वाटलं तुला संशय आलाय, मी तिथे नव्हते असा. म्हणून दहा लिहिलं. दहाला मी निदान दारात तरी होते.

हे कोणालाच सांगितलेलं नाही. लोक म्हणतात, नशीबवान, बायकोच्या मांडीवर गेला, आणि मी मान हलवते. तुझ्यापासून तर लपवायचंच होतं. तुझा तो एकच माणूस होता, आणि तो माझ्या भरवशावर होता.

पण तू आता तेच लिहितेस. आठ, दोन, पिशवी, गोळी. एकेक शब्द तोच आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हाच ओळखलं होतं, तरी मी तुला पत्रक पाठवलं, हे पाठवलं नाही. पंधरा दिवस घालवले.

तू माझं तोंड बघू नकोस हवं तर. पण हे वाचून झालं की पिशवी ठेव आणि दवाखान्यात जा. रिक्षाने जा, चालत नको. तिथे नंबर सांगू नकोस. सांग की चढताना खांदा दुखतो, जबडा दुखतो, धाप लागते, मला संधिवात आहे आणि माझा भाऊ दोन महिन्यांपूर्वी गेला.

वहिनी


९ मे

धाकटे,

सोळा दिवस झाले. तीन वेळा फोन केला, बंद आहे. ग्रंथालयात केला, तिथे कोणी नवीन मुलगी होती, म्हणाली, बाई रजेवर आहेत, कारण माहीत नाही. ग्रंथपालबाई सोमवारपर्यंत नाहीत.

तू रागावून लिहीत नसशील तर नको लिहूस. कोऱ्या कागदावर नुसती तारीख टाकून पाठव. मला एवढंच कळायला हवं की तारीख टाकायला तू आहेस.

उत्तर येवो न येवो, मी येत्या शनिवारच्या गाडीने निघते आहे.

वहिनी


११ मे

प्रिय वहिनी,

आहे मी. तुझं नऊ तारखेचं पत्र आत्ता शेजारीण खालून घेऊन आली. दवाखान्यातून घरी येऊन नऊ दिवस झाले. लिहायला उशीर केला याचं कारण तब्येत नाही. खाली लिहिते ते लिहायचं नव्हतं.

दादा दहा वाजता गेला नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. त्याने मला अकराला वीस कमी असताना फोन केला होता. तू त्याचा फोन अजून उघडून बघितलेला दिसत नाही, नाहीतर कळलं असतं.

मी घरी एका वकिलाच्या जाड पुस्तकाला कातडं चढवत होते. फोन खांदा आणि कानाच्या मधे धरला होता, हात खळीत. तो म्हणाला, “ती दुकानात गेलीये, एकटा कंटाळलोय. आठ आणि दोन छळतायत.” मी म्हटलं, “दादा, नाटकं करू नकोस. गोळी घे, शेक घे. माझी खळ गार होतेय, कोपरे राहिलेत, मी संध्याकाळी करते.” तो म्हणाला, “बरं.” दोन मिनिटंही झाली नसतील. कोपरे छान बसले. वकील खूश झाला.

म्हणून मी वेळ विचारत होते. तू मला दुपारची वेळ सांगितली असतीस तर फोननंतरही तो बराच वेळ ठीक होता असं धरून चालले असते. तू दहा म्हणालीस, शेजारी होते म्हणालीस, आणि मला कळलं की तूही खोटं बोलते आहेस. बरं वाटलं मला. वाटलं, चला, जोडीदार आहे. तुला सांगितलं असतं तर तू निदान तुझ्या एकटीच्या दोषातून सुटली असतीस. मी तुला दोन महिने तशीच ठेवली.

आठ दुखायला लागला तेव्हा मला कळलं नव्हतं असं नाही. थोडं कळलं होतं. त्याला मी शेक घे म्हटलं होतं, मग मीही शेकच घेत बसले. मरायचं होतं असं काही नाही, तेवढा उत्साह कुठला. उठायचं नव्हतं, इतकंच. तुला मुद्दाम आठ आणि दोन लिहीत होते, तू काही बोलतेस का बघायला.

मग तुझं ते पत्र आलं. मलम वाचलं, टॉवेल वाचला, आणि काही झालं नाही. पण मधे बसल्यासारखं आहे, जड, हे त्याने मला सांगितलं नव्हतं. सांगायला मी वेळच दिला नव्हता. आणि वहिनी, ते मलाही होतं. जिन्यात व्हायचं, कुंडीपाशी. आठपेक्षा तेच जास्त होतं. मी तुला चार पानं खांद्याबद्दल लिहिलं आणि त्याबद्दल एक अक्षर नाही. लपवलं नव्हतं गं. ते काय आहे हे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हता, म्हणून ते मोजलंच नाही.

रिक्षाने गेले. तपासायला एक शिकाऊ मुलगी होती, तिने विचारलं कुठे दुखतं, आणि तू इतकं बजावूनही माझ्या तोंडून निघालं, “आठ.” तिने वर बघितलं. मग मी तुझं पत्र पर्समधून काढलं आणि शेवटचा परिच्छेद तिला वाचून दाखवला. छातीला तारा लावल्या, पट्टी काढली, ती पट्टी घेऊन ती पळतच आत गेली. मला परत घरी सोडलंच नाही. दुसऱ्या दिवशी मनगटातून नळी घातली, पाच नंबरमधूनच. एक नस जवळजवळ बंद होती, तिथे जाळी बसवली आहे. दुसरी अर्धी आहे, ती गोळ्यांवर बघणार. दुखण्याच्या जुन्या गोळ्या बंद केल्या. आता सांध्यांचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात, आपल्यासारखंच.

तुझ्यावर राग आहे का ते शोधून बघितलं. सापडला नाही. माझ्यावरचाही सापडत नाही. अजून काहीच सापडत नाही, जेवणाची चवसुद्धा. ते म्हणतात येईल हळूहळू. शनिवारी ये. चाव्या शेजारणीकडे आहेत, मला दार उघडायला उठवू नकोस.

निघायच्या दिवशी मोठे डॉक्टर आले होते. कागद वाचता वाचता म्हणाले, “अगदी वेळेवर आलात. सांध्यांचे पेशंट सहसा इतके लवकर येत नाहीत, सांधाच समजून घरी बसतात. तुम्हाला कोणी सांगितलं यायला?”

मी म्हटलं, वहिनीने.

“अरे वा. त्या डॉक्टर आहेत का?”

म्हटलं, नाही. तिचा नवरा घरी बसला होता.

तुझी,
धाकटी